ऑरेंजचं कुठेच जुळेना!

पार्टीत कुणी ‘तू काय करतेस?’ असं विचारलं, की मी सरळ ‘जुळवाजुळव करते’ असं सांगून टाकते. समोरच्याला वाटतं, हिचं वधू-वर सूचक मंडळ असावं. खरं सांगू? फार फरक नाही. रेडिओसाठी जिंगल्स लिहायच्या म्हणजे दिवसभर यमकांची स्थळंच बघायची. हा शब्द चांगला, पण एक मात्रा जास्त. तो दिसायला स्मार्ट, पण अर्थाची पत्रिका जुळत नाही. आणि काही शब्द असे निघतात, की कितीही स्थळं दाखवा, यांचं म्हणून कुठे जमत नाही!

इंग्रजीतल्या या बिनलग्नाच्या शब्दांची यादी एकदम फेमस आहे. क्विझ नाइटला हमखास येणारी. ऑरेंज, सिल्व्हर, पर्पल आणि मंथ हे त्यातले चार सेलिब्रिटी. त्यांच्या मागे वुल्फ, बल्ब, नाइन्थ आणि बिअरवाला पाइंट अशी बाकी मंडळी उभी. तुम्ही म्हणाल, एवढी मोठी भाषा, लाखो शब्द, आणि संत्र्याला एक जोडीदार मिळू नये? बॉस, तिथेच तर खरी गंमत आहे.

इंग्रजीत कडक यमकाचा एक नियम आहे. शब्दात ज्या ठिकाणी आघात पडतो, म्हणजे जिथे जीभ जरा जोर देते, त्या स्वरापासून शेवटपर्यंत सगळं हुबेहूब सारखं हवं. त्याच्या आधीचं व्यंजन मात्र वेगळं. ‘नेशन’ आणि ‘स्टेशन’ घ्या. जोर ‘ने’वर आणि ‘स्टे’वर, पुढचं सगळं सेम. जमलं! मराठीत आपण इतके कडक नसतो. शेवटचं अक्षर जुळलं, त्याच्या आधीचा स्वर जुळला, की आपण टाळी द्यायला मोकळे. कारण आपल्या बोलण्यात असा ठोसा मारल्यासारखा आघात नाही. आपण अक्षरं साधारण एका मापात ओळीनं मांडतो.

हा आघात म्हणजे काय प्रकरण असतं, ते मला कुठल्या पुस्तकानं नाही, माझ्या मामेबहिणीनं शिकवलं. २००४ मध्ये ती पुण्यात एका कॉल सेंटरला लागली. दुपारी गाडी न्यायला यायची, पहाटे आणून सोडायची. पहिले काही आठवडे नुसतं अ‍ॅक्सेंटचं ट्रेनिंग. तिथे प्रत्येकाच्या हातात एक रबरबँड द्यायचे! शब्द म्हणताना जिथे जोर, तिथे रबर ताणायचं. बाकीच्या वेळी सोडून द्यायचं. घरी येऊन ती डायनिंग टेबलावर बसून ‘डेव्हलपमेंट’ म्हणत रबर ताणत बसायची आणि मामी म्हणायची, ‘अगं, आधी जेव.’ बारावीला इंग्रजीत बोर्डात चमकलेली मुलगी ती. पण ‘डेव्हलपमेंट’मधला ‘व्हे’ ताणायचा की ‘डे’, यावर तिचे मार्क कापले जायचे. (‘व्हे’ ताणायचा. मलाही तेव्हाच कळलं.)

आता ते रबर ‘ऑरेंज’वर लावून बघा. इंग्रज माणूस ‘ऑ’वर रबर ताणतो आणि पुढचं सगळं गिळून टाकतो. त्याच्या तोंडून साधारण ‘ऑरिंज’ असं काहीतरी बाहेर पडतं. बरेच अमेरिकन तर एवढेही कष्ट घेत नाहीत, ते ‘ओर्न्ज’ म्हणून मोकळे होतात. म्हणजे यमक जुळवायचं तर शेवटी पूर्ण ‘ऑरिंज’ असलेला शब्द हवा. असा एक आहे. साउथ वेल्समध्ये अ‍ॅबरगॅवनी गावाजवळ एक डोंगर आहे, त्याचं नाव ब्लोरेंज. साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. झालं, यादी जवळपास संपलीच! आता सांगा, ज्यूसच्या जाहिरातीत वेल्समधला डोंगर कुठून आणायचा?

सिल्व्हरलाही एक स्थळ आहे, ‘चिल्व्हर’. अर्थ, मेंढीचं मादी कोकरू. म्हणजे हे यमक मेंढपाळांच्या कामाचं. पर्पलची दोन स्थळं स्कॉटलंडमध्ये मिळतात. एक ‘हर्पल’, म्हणजे लंगडत चालणं. दुसरं ‘कर्पल’, म्हणजे घोड्याचा मागचा भाग, आणि गमतीनं माणसाचाही. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटिश कवी काही कमी नव्हता. १७८७ मध्ये एका बाईंना लिहिलेल्या पद्यपत्रात त्यानं राजेशाही जांभळ्या रंगाचं या ‘कर्पल’शी लग्न लावून दिलंय. सॉलिड!

मंथची स्टोरी आणखी भारी. क्रिस्टिना रोझेटीनं १८७२ मध्ये ‘सिंग-साँग’ नावाचं बालगीतांचं पुस्तक काढलं. त्यात मंथला जोडी हवी म्हणून तिनं ‘रन’ या क्रियापदाला बायबलच्या काळातली ‘थ’ची शेपटी चिकटवली आणि ‘रन्थ’ करून टाकलं. गणितवाल्यांनी आपली वेगळीच सोय करून ठेवलीय. ते ‘एन प्लस वन्थ’ म्हणतात आणि मंथकडे बघून डोळा मारतात. इंजिनिअर वाचकांनी ही ट्रिक प्रपोज करताना वापरू नये, एवढीच विनंती.

तोडफोड स्पेशालिस्ट

अडलेल्या शब्दाला वाट काढून देणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक, वळसा घालणारे. दुसरे, भिंत फोडणारे.

टॉम लेहरर हा भिंत फोडणारा. व्यवसायानं गणिताचा मास्तर, छंद पियानोवर बसून खवचट गाणी म्हणण्याचा. २०२५ मध्ये वयाच्या ९७व्या वर्षी गेला. त्यानं काय केलं, तर ‘एन्जॉयमेंट’ हा शब्द भर ओळीत मधोमध तोडला. ‘एन्ज’ वरच्या ओळीत, उरलेलं खालच्या ओळीत. आणि ‘एन्ज’च्या आधी शब्द ठेवला ‘बिझार’. त्याच्या अमेरिकन तोंडात ऑरेंज होतं ‘आरेंज’. जुळलं! चार ओळींचा चावट तुकडा आहे तो. इथे छापत नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधायला जाऊ नका.

दुसरा एमिनेम. २०१० मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या अमेरिकन टीव्ही शोमध्ये अँडरसन कूपर त्याची मुलाखत घेत होता. ऑरेंजला यमक नाही असं लोक म्हणतात, याचा आपल्याला राग येतो, असं एमिनेमनं तिथे सांगितलं. आणि मग बसल्या बसल्या फोर-इंच, डोअर हिंज, स्टोरेज, पॉरिज अशी माळच ओवून दाखवली. युक्ती साधी आहे. शब्द जरा वाकवायचा. रबर जिथे ताणायचं, तिथे ताणायचंच नाही, दोन्ही अक्षरांवर सारखा जोर द्यायचा. ‘ऑ-रिंज’, ‘डो-हिंज’. थोडक्यात, एमिनेम त्या वेळी आपल्यासारखं बोलत होता! ही गोष्ट आपल्याकडच्या रॅपवाल्या पोरांना न शिकवता कळते. त्यांच्या तोंडात इंग्रजी शब्द आल्यावर त्याला मराठी-हिंदीचं माप लागतं आणि जे तिकडे जुळत नाही, ते इकडे सहज जुळून जातं.

या सगळ्याच्या अगदी उलट टोकाला स्टीफन सॉन्डहाइम. ब्रॉडवेचा बादशहा. २०१० मध्येच त्याचं ‘फिनिशिंग द हॅट’ नावाचं पुस्तक आलं. यमक हवं तर परफेक्टच, जवळपास जुळलेलं चालणार नाही, असं त्याचं रोखठोक मत. मला सॉन्डहाइम आवडतो. पण प्रामाणिकपणे सांगते, सोमवारी सकाळी अकराला स्क्रिप्ट द्यायची असली, की मी एमिनेमच्या पार्टीत असते.

बंधन आलं की कवीला चेव येतो, हे आपल्यालाही नवीन नाही म्हणा. आपल्या मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ लिहिलं. ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर न वापरता. प, फ, ब, भ, म सगळे बाद. म्हणजे रामायण लिहायचं, पण ‘राम’ म्हणायचं नाही! त्यांच्यापुढे ऑरेंज म्हणजे किस झाड की पत्ती.

चेंज हवा, ऑरेंज नको

आता माझ्या पोटातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका सॉफ्ट ड्रिंकचं काम आमच्याकडे आलं. मुंबई-पुण्याच्या एफएमसाठी वीस सेकंदांची हिंग्लिश जिंगल. मी लिहिलं, ‘थोडा सा चेंज, एक ग्लास ऑरेंज’. चाल झाली, स्टुडिओ बुक झाला. गायला एक नागपूरची मुलगी होती. आवाज असा, की ऐकूनच तहान लागावी. पहिल्याच टेकला ओके.

क्लायंटकडून आलेले ब्रँड मॅनेजर नुकतेच दोन वर्षं लंडनला राहून परतले होते. ते हेडफोन काढून म्हणाले, ‘छान आहे, पण ऑरेंज आणि चेंज राइम होत नाही.’

‘कुणाच्या कानाला?’ मी विचारलं.

‘कुणाच्याच. ऑरेंजला राइमच नाही. जगप्रसिद्ध फॅक्ट आहे.’

काचेपलीकडून ती मुलगी माइकमध्येच म्हणाली, ‘काहून नाही जुळत, सर? बराबर जुळते ना!’ आणि तिनं पुन्हा म्हणून दाखवलं. ऑ-रेंज. चेंज. देवळातल्या घंटेसारखं जुळत होतं. साउंड इंजिनिअरनं मान डोलावली. चहा घेऊन आलेल्या पोऱ्यानं मान डोलावली. मॅनेजर काही डोलले नाहीत.

शेवटी ऑरेंज ओळीच्या मधे ढकललं गेलं आणि शेवटाला आलं ‘ज्यूस’. त्याला जोडी ‘लूज’. लंडनला हे एकदम परफेक्ट यमक, कारण तिथे ते ‘लूस’ असतं, ‘स’ काढून. आपल्याकडे स्क्रू लूज असतो, मोशन लूज असतात, सगळं ‘ज’वर संपतं. त्या बिचाऱ्या मुलीला पाऊण तास ‘लूस, लूस’ घोकायला लावलं. ज्या आवाजात सकाळी नुसती मजा होती, त्यात संध्याकाळी चाचपडणं ऐकू यायला लागलं. प्रत्येक टेकनंतर ती विचारायची, ‘आता बराबर झालं का?’ जिंगल महिनाभर वाजली. आमच्या ऑफिसातली पोरं ती गुणगुणायची आणि हटकून ‘लूज’ म्हणायची. बिल पास झालं. माझी ओळ जास्त चांगली होती, हे मी आजही कुणाही समोर म्हणायला तयार आहे.

कारण ते जगप्रसिद्ध फॅक्ट एका विशिष्ट तोंडापुरतंच खरं आहे. आपल्यापैकी बहुतेकांना इंग्रजी आधी भेटलं ते छापील पानावर. कान नंतर आले. ऑरेंजच्या स्पेलिंगच्या पोटात ‘रेंज’ दिसते, म्हणून आपण ‘रेंज’ म्हणतो. तिथून मग चेंज, स्ट्रेंज, एक्स्चेंज, अ‍ॅरेंज अशी स्थळांची रांगच लागते! अ‍ॅरेंज मॅरेजसुद्धा होऊ शकतं. आणि मंथ? रोझेटीबाईंना ज्याच्यासाठी नवा शब्द घडवावा लागला, त्या मंथला आपल्याकडे पंथ आहे, ग्रंथ आहे, संथ आहे. इंग्रजांचा ‘थ’ दातांमधून हवा सोडतो आणि आपला थाप मारतो, एवढाच काय तो फरक. सिल्व्हरलाही आपल्या हिशोबानं रिव्हर चालून जाईल. पर्पलला मात्र आपल्याकडेही कुणी विचारत नाही, हे मान्य करायला हवं. पण पर्पल सोडून ‘जांभळा’ म्हणा की! सावळा, वेगळा, कावळा, बावळा, हवं तेवढं.

त्यातही ऑरेंजची गोष्ट म्हणजे नुसती ट्रॅजिकॉमेडी आहे. हा शब्द मुळात आपल्याकडून तिकडे गेलेला. संस्कृतात ‘नारंग’, आणि त्याच्याही मागे कुठलं तरी द्राविडी मूळ असावं, असं भाषातज्ज्ञ मानतात. तिथून तो फारसीत गेला, अरबीत ‘नारंज’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘नारान्हा’. युरोपात फिरता फिरता पुढचा ‘न’ गळाला आणि फ्रेंचांकडे ‘ओरांज’ झाला. इथपर्यंत त्याचं बरं चाललं होतं. फ्रेंच लोक शब्दाच्या शेवटावर जोर देतात, त्यामुळे तिकडे ‘एत्रांज’, ‘मेलांज’ अशी भरपूर कंपनी होती. मग तो इंग्रजीत गेला. तिथे आघात शेवटावरून उचलून पुढच्या अक्षरावर ठेवला गेला, मागचा भाग चेपला आणि बिचारा एकटा पडला. निघताना मागे काय सोडून गेला बघा. नारंगला रंग, तरंग, सारंग, अभंग. नारंगीला सारंगी आणि फिरंगी! ऑरेंज सिटीत जन्मलेल्या मुलीला लंडनरिटर्न साहेबांनी याच शब्दाबद्दल शिकवावं, यातला विनोद मला त्या दिवशी सुचायला हवा होता. असे विनोद नेहमी घरी जाताना ट्रॅफिकमध्ये सुचतात.

आणि इंग्रजांचे स्वतःचे उच्चार तरी कुठे एका जागी थांबलेत? अलेक्झांडर पोप हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा कवी, यमकांचा म्हणजे बाप माणूस. त्यानं ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्यात ‘टी’चं यमक ‘ओबे’शी जुळवलंय. आज कुणी हे केलं, तर बोर्डरूममधून बाहेर काढतील. पण पोपच्या लंडनमध्ये चहाला ‘टे’ म्हणायचे. त्याच्या तोंडात ते जुळत होतं, म्हणून ते जुळतं. आज इंग्रज प्राध्यापक तिथे ‘तेव्हाचा उच्चार’ अशी तळटीप देतात. पोपला तळटीप मिळते आणि नागपूरच्या मुलीला पाऊण तासाची शिकवणी!

आपली मराठी या बाबतीत लाडावलेली आहे, हेही खरं. आपल्या शब्दांना प्रत्यय लागतात. एखादा शब्द अडला, की त्याला ‘त’ लावा, ‘ला’ लावा, ‘नी’ लावा, शेपटी बदलते आणि काम होतं. ‘स्वप्न’ घ्या. नुसत्या ‘स्वप्न’ला कडक यमक शोधून दाखवा, मी कॉफी पाजते. पण ‘स्वप्नात’ म्हटलं, की रानात, पानात, कानात धावत येतात. ‘जन्म’चंही तेच. इंग्रजीनं असले बहुतेक प्रत्यय शतकांपूर्वीच झडून टाकले. ऑरेंज हा कर्ता असो, कर्म असो, ऑरेंजच राहतो. फार तर ऑरेंजेस. त्यानं दुखणं दुप्पट होतं, बरं होत नाही.

पण या सगळ्यांपेक्षा वाईट अवस्था ज्या शब्दाची आहे, तो बिनयमकाच्या यादीत येतच नाही. तो म्हणजे लव्ह. पॉप गाण्यांचं अख्खं दुकान या एका शब्दावर चालतं आणि त्याच्या गाठीला स्थळं किती? ग्लव्ह, डव्ह, शव्ह, अबव्ह. म्हणजे हातमोजा, कबुतर, धक्का आणि ‘वर’! आता लिहा यातून लव्हसाँग. इंग्रजी गाण्यांत आकाशातून इतकी कबुतरं का उडतात आणि सगळं कायम ‘वर’च का असतं, त्याचं रहस्य हे आहे. प्रेमापेक्षा यमकाची सोय.

आपल्या ‘प्रेम’चंही फार बरं नव्हतं. नेम, क्षेम, हेम. एक शिकाऱ्याचा, एक पत्राच्या मायन्यातला, एक सोनाराचा. मग मंगेश पाडगावकर आले आणि त्यांनी सरळ इंग्रजीतून ‘सेम’ उचलून आणला. ती कविता तुम्हाला पाठ आहे, मी इथे लिहायची गरज नाही. कितीतरी लग्नपत्रिकांवर आणि कॉलेजच्या बाकांवर ती जाऊन बसली. तो ‘सेम’ पाडगावकरांनी लंडनचा उच्चार करून म्हटला नव्हता. लंडनचा ‘सेम’ जरा ‘सेय्म’सारखा लांबतो, आपल्या ‘प्रेम’शी त्याचा सांधा नीट बसला नसता. त्यांनी तो आपल्या तोंडातला घेतला, दादर-गिरगावातला, आणि तोच चपखल बसला. त्यानंतर फ्रेम आली, गेम आला. परवा आमच्या ऑफिसातल्या एका इंटर्ननं व्हॅलेंटाइनच्या जिंगलमध्ये प्रेमला ‘डेटा क्लेम’ जोडून आणलं. इन्शुरन्स कंपनीचं काम होतं. मी तिला म्हटलं, ‘अर्थ तपासून घे, यमकाला कुणी हात लावणार नाही.’